मिळून आली नाही

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून मी समन्स विभागात! विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि राधाकिसन मामा. मामा हवालदार आहेत, लवकरच रिटायर होणार. कोर्टातून समन्स येतात – अमुक तारखेला साक्षीला हजर राहा. ते गावोगाव जाऊन त्या-त्या माणसाच्या हातात द्यायचं आणि काय झालं त्याचा अहवाल कोर्टाला लिहायचा. मामा आठवड्यातून एक दिवस गावांना जातात आणि उरलेले दिवस त्या एका दिवसाबद्दल लिहीत बसतात. कार्बन पेपर लावून! "मी सदर गावी जाऊन सदर इसमाचा शोध घेतला असता सदर इसम..." फिरून फिरून मामांचे पाय दुखत नाहीत, मनगट दुखतं.

"बीएस्सी कम्प्युटर झाली ना तू? मंग इथं कामून आली?"

मी म्हटलं, लोकांची सेवा करायला. मामा इतके हसले की चहा सांडला. समन्सवरच.

मी ठरवलंय. हे लिहिणं कम्प्युटरवर टाकायचं. लिहिण्याचा वेळ वाचला की मामांना रोज गावांना जाता येईल. साधं गणित आहे. इतक्या वर्षांत या ठाण्यात कुणाला कसं सुचलं नाही?

१० ऑगस्ट, रविवार

सुट्टी असून दिवसभर ठाण्यात. प्रोग्राम झाला! नाव, गाव, केस नंबर टाकायचा आणि यादीतून एक निवडायचं – मिळून आला नाही, बजावणी झाली, पत्ता अपुरा, मयत. बटण दाबलं की पूर्ण अहवाल तयार. पोलीस पाटलांना विचारलं, शेजाऱ्यांकडे चौकशी केली, सगळं आपोआप येतं. जुन्या फायलींतली चांगली चांगली वाक्यं वेचून घातली. बाई असेल तर 'आला'चं 'आली' होतं. आणि सगळे अहवाल सारखे दिसू नयेत म्हणून वाक्यं आळीपाळीने बदलतात – कधी "गावात चौकशी केली", कधी "शिवारात कसून शोध घेतला". कोर्टाला वाचताना कंटाळा यायला नको! या कल्पनेवर मी स्वतःच खूश आहे.

यादीत 'मिळून आला नाही' सगळ्यात वर ठेवलं. तेच जास्त लागतं. मामांच्या बोटाला तेवढाच आराम.

१२ ऑगस्ट

मामांनी बटण दाबलं. प्रिंट निघाली. मामांनी कागद वाचला. मग म्हणाले, "माह्यापेक्षा मीच भारी लिहून राह्यलो की!"

१ सप्टेंबर, सोमवार

गणित चुकलं. लिहिण्याचा वेळ वाचला, मामांकडे वेळच वेळ झाला, आणि मामांनी गावांना जाणंच सोडलं. आज विचारलं त्यांना.

"आता जायचं कशाला? जाऊन आल्याचा कागद तर निघून राह्यला."

उत्तर अगदी सरळ होतं. पूर्वी खोटं लिहायलाही कष्ट पडायचे, म्हणून माणूस थोडं तरी खरं करायचा. ते कष्ट मी वाचवले. सेवा!

साहेबांकडे गेले – म्हणजे आमचे ठाणेदार. म्हटलं, मामांना गावांना जायला सांगा. साहेब खूप कौतुकाने बोलले. "आकांक्षा, फार चांगलं काम केलंस. फक्त एक कर. एकेकाचं बटण दाबण्यात वेळ जातो. सगळ्यांचं एकदम होईल असं दे. कोर्टाची तारीख जवळ आली आणि नोंद झालेली नसली, तर अहवाल आपोआप निघावा. आपल्याकडे काही बाकी दिसायला नको."

"पण नोंदच नसेल तर कोणता अहवाल निघणार, सर?"

"यादीत सगळ्यात वर जो आहे तो."

मी विचार केला – ठीक आहे, निदान आपण त्या माणसापर्यंत पोहोचलो नाही, एवढं तरी कोर्टाला कळेल. स्वतःची समजूत घालायला पदवी फार उपयोगी पडते. बटण दिलं.

९ सप्टेंबर

समोरच्या चहावाल्या हरिओमभाऊंचा अहवाल आज गेला. ते एका चोरीच्या केसमध्ये पंच आहेत. तसे ते बऱ्याच केसमध्ये पंच आहेत. ठाण्याला पंच लागला की फक्त रस्ता ओलांडायचा असतो. अहवाल असा: "सदर इसमाचा त्याच्या हॉटेलवर कसून शोध घेतला असता तो मिळून आला नाही. तो परत केव्हा येईल हे शेजाऱ्यांना सांगता येत नाही." शेजारी म्हणजे आम्ही! मामांनी त्यावर सही केली तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात हरिओमभाऊंनीच दिलेला कप होता.

भाऊंना सांगितलं. वाटलं, चिडतील.

"बिलकुल असंच लिहीत जा म्याडम! कोर्टात उभा दिवस जातो, अन् इकडं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं."

संध्याकाळी ट्रे घेऊन दारातूनच ओरडले, "मिळून न आलेला इसम चहा घेऊन आलाय हो!" सगळं ठाणं हसलं. मीही हसले.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून बाकावर एक बाई बसलेल्या. हातात काठी. डावा हात कोपरात वाकडा, सरळ होतच नाही. कडूबाई. घरची मेंढरं आहेत. वर्षातला बराच काळ घोड्यावर बिऱ्हाड टाकून मेंढरांमागं फिरतात. दोन वर्षांपूर्वी मेंढरं रानात शिरली म्हणून एका बड्या बागायतदाराच्या सोमेश्वर नावाच्या पोराने कुऱ्हाडीच्या दांड्याने त्यांचा हात मोडला. केस कोर्टात आहे. साक्ष एकट्या त्यांचीच. बाकी कुणी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं सगळ्या शिवाराने, पण पाहिलं नाही.

"माही तारीख कधी हाय, बाई?"

"मावशी, तारीख लागली की समन्स निघतं. घरी आणून देतात."

"घर कुठं हाय? मेंढरं जिथं, तिथं मी. म्हनून तं ईचारायला आले."

मी त्यांना फार छान समजावलं. आता सगळं कम्प्युटरवर आहे, नंबर देऊन ठेवा, तारीख लागली की फोन येईल, हेलपाटे घालू नका, घरी जा. त्यांनी मुलाचा, कल्याणचा, नंबर तोंडपाठ सांगितला. मी तो प्रोग्राममध्ये टाकला. फोन जायची सोय अजून केलेली नाही, पुढच्या आठवड्यात करते.

बरं वाटलं. वर्दी घेतली ती यासाठीच.

२९ सप्टेंबर

फोनची सोय राहिली. साहेबांना आधी महिन्याचा रंगीत तक्ता हवाय. हिरवा जास्त दिसला पाहिजे, म्हणाले.

६ ऑक्टोबर, सोमवार

जिल्ह्यात पहिले! कोर्टाला द्यायचा एकही अहवाल आमच्याकडे बाकी नाही. माझा प्रोग्राम आता दुसऱ्या ठाण्यांतही बसवणार. आणि माझा सत्कार! जालन्याला, मोठ्या साहेबांच्या हस्ते, शाल आणि प्रशस्तिपत्र. समन्स प्रत्यक्षात किती जणांच्या हातात पडलं, हे कुणी विचारलं नाही. तो रकाना तक्त्यात नाहीच. मीच काढला. फार लाल दिसत होता.

आईला फोन केला. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नाही, आणि शाल आईने आजवर फक्त सरपंचाच्या अंगावर पाहिलेली.

"कोन्त्या रंगाची हाय?"

"मला काय माहीत, आई."

"ईचारून घे. मरून असली तं तुला बिलकुल न्हाई दिसायची." मग फोन तसाच ठेवून बाबांना हाक – "अहो ऐकलं का! पोरीनं कोर्टाचं समदं काम उरकून टाकलं!"

१५ ऑक्टोबर, बुधवार

कडूबाई पुन्हा बाकावर.

"फोन न्हाई आला."

"म्हणजे तारीख लागली नाही, मावशी. लागली असती तर आला असता. तुम्ही घरी जा." अगदी खात्रीने सांगितलं. स्क्रीनकडे न बघता. सत्कारासाठी फोटो पाठवायचा होता, त्यात एक डोळा बारीक येत होता, त्याचं चाललं होतं माझं.

त्या लगेच गेल्या नाहीत. दुपारपर्यंत पंख्याखाली बसून राहिल्या. हरिओमभाऊंनी आपणहून चहा दिला तर म्हणाल्या, "ह्या ठान्यातला तूच एक बोलवल्याबिगर येतो, बाबा." भाऊ म्हणाले, "मावशी, मी ठाण्यातला न्हाई." "मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

२० ऑक्टोबर

दिवाळीला घरी. बदनापूरला गाडीतून उतरले तर बाबा नवा शर्ट घालून फलाटावर. बाहेर रिक्षावाल्याला म्हणाले, "साहेबांना न्यायचंय, जल्दी चल." साहेब म्हणजे मी. त्यामुळे भाडंही साहेबांचंच लागलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

मामांचा गुडघा धरला म्हणून अहवालांचा गठ्ठा घेऊन आज कोर्टात मी गेले. पहिल्यांदाच. मागच्या बाकावर बसले होते, तेवढ्यात कडूबाईंची केस पुकारली. आरोपीच्या जागेवर सोमेश्वर. कडक इस्त्री, केसांना तेल, चेहऱ्यावर देवळात आल्यासारखा भाव.

न्यायाधीशांनी फाईल चाळली. "साक्षीदार पुन्हा मिळून आली नाही?"

सरकारी वकिलांनी मागे वळून माझ्याकडं पाहिलं. मी हातातल्या गठ्ठ्याकडं.

शेवटची संधी दिली. अठ्ठावीस तारखेला साक्षीदार आली नाही तर पुरावा बंद. पुरावा बंद म्हणजे सोमेश्वर सुटला.

नंतर फाईल मागून घेतली. मागचा अहवाल १५ ऑक्टोबरचा. "सदर महिलेचा तिच्या गावी व आजूबाजूच्या शिवारात कसून शोध घेतला असता ती मिळून आली नाही. ती परत केव्हा येईल हे नातेवाइकांना सांगता येत नाही."

१५ ऑक्टोबर! ती माझ्या टेबलासमोर बसली होती. चहा पीत.

वाक्यं सुरेख आहेत. माझीच निवड.

११ नोव्हेंबर

साहेबांना सांगितलं. म्हटलं, ठाण्यातला कॅमेरा बघा, त्यात कडूबाई दिसतील.

"कॅमेरा बंद आहे."

"कधीपासून, सर?"

"तू विचारलंस तेव्हापासून."

मग शांतपणे समजावलं. एक अहवाल खोटा निघाला की वकील बाकीचे सगळे उघडतील. सगळ्यांवर राधाकिसनची सही. प्रोग्राम तुझा, लॉगिन तुझं, नोकरी अजून कायम झालेली नाही. "त्या बाईला शोध, समन्स दे, अठ्ठावीसला उभी कर. चुपचाप. झालेलं कशाला उकरतेस?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं. बाई कोर्टात उभी राहिली म्हणजे झालं. नाही का?

बाहेर मामा उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. "पोरी, माहे थोडे महिने राह्यलेत." मग म्हणाले, "सह्या मी वाचून न्हाई केल्या. पन तुला काय सांगावं! तूबी लिहून वाचलं न्हाई."

१३ नोव्हेंबर

प्रोग्राममधून कल्याणचा नंबर काढला आणि माझ्या फोनवरून लावला. पहिल्या रिंगला उचलला.

१६ नोव्हेंबर, रविवार

केदारखेड्याच्या पुढे, नदीकाठी, मका काढलेल्या रानाच्या कडेला बिऱ्हाड होतं. जाळीत कोकरं, खुंटाला घोडी, आणि दोन कुत्री – त्यांना वर्दीचा काडीइतका आदर नाही. कडूबाईंनी काठी आपटली तेव्हा कुठे ती मागे सरली.

"तू आली? कम्प्युटर न्हाई आला?"

समन्स दिलं. वाचून दाखवलं. त्यांनी अंगठा दिला. दोन मिनिटांचं काम. माझं झालं होतं, मी निघणार होते, तेवढ्यात कल्याण म्हणाला, "म्याडम, हे बघा." गावच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. आमचा अहवाल! सोमेश्वरच्या माणसांनी कोर्टातून नक्कल काढून टाकलाय. खाली लिहिलंय – खोटी केस करून म्हातारी पळाली, पोलिसांनीच लिहून दिलं.

"पळाली म्हंत्यात मला," कडूबाई म्हणाल्या. "दोनशे मेंढरं, घोडी, कोंबड्या, दोन कुत्रे घेऊन! अशी पळाले तं कुनाला दिसन का न्हाई?"

मला हसू आलं. कल्याण हसला नाही. दरवर्षी शेतकरी बोलावून मेंढरं रानात बसवून घेतात, खत होतं म्हणून, आणि त्याबदल्यात यांना धान्य देतात. यंदा बोलावणं नाही. खोटारडीची मेंढरं कोण बसवणार? बसवलीच तर उद्या आपल्यावर केस करील! म्हणून हे सगळे रानाच्या आत नव्हते, कडेला होते. मला आधी ते लक्षातच आलं नव्हतं.

चहा दिला. नुसत्या दुधाचा. मी प्यायले. चुपचाप उभी करून भागणार नाही हे तो पितानाच कळलं. कोर्ट एकदा ऐकेल त्यांचं, पण गावाकडे तर माझा कागद आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सरकारी वकिलांमार्फत कोर्टात अर्ज दिला. हाताने लिहिला. "कडूबाई या ठाण्यात स्वतः हजर होत्या. त्यांचा शोध घ्यायला कोणीही गेले नाही. त्या मिळून आल्या नाहीत असे अहवाल गावी न जाता प्रोग्रामने तयार झाले आहेत. तो प्रोग्राम मी केला आहे." एकही 'सदर' नाही.

सरकारी वकिलांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. "घरी विचारलंस का?"

मी म्हटलं, घरात शिकलेली मीच आहे.

"तेच तर," ते म्हणाले.

ठाण्यात येऊन सगळ्यांचं एकदम करणारं बटण काढून टाकलं. काढायला दोन ओळी खोडाव्या लागल्या. संध्याकाळपर्यंत तक्ता लालभडक!

२१ नोव्हेंबर

साहेब माझ्याशी बोलत नाहीत. मामा रजेवर. सत्कार काही अपरिहार्य कारणास्तव पुढे ढकलला. ते अपरिहार्य कारण सध्या आठवडी बाजारात बंदोबस्ताला उभं असतं, भाजीवाल्यांच्या हातगाड्या मागे सारायला.

येता येता हरिओमभाऊंचं समन्स त्यांच्या हातात नेऊन दिलं. रस्ता ओलांडून. त्यांनी वाचलं, घडी घातली. "म्याडम, तुमच्यापायी एक दिवस गेला माहा." आता तेही बोलत नाहीत. माझा चहा गार येतो.

आईला सगळं सांगितलं. सांगताना वाटत होतं की ती रडेल. तिनं विचारलं –

"त्या बाईचं खरं हाय ना?"

"हो."

"मंग जाऊ दे. शाल मी घेऊन देते तुला, जुन्या जालन्यातून. तिथं मरून सोडून समदे रंग भेटतेत."

फोन ठेवल्यावर रडले ती मीच. पण छान वाटलं. महिन्याभराने पहिल्यांदा वाटलं की मी या वर्दीत शोभते. एका बाईसाठी सगळं पणाला लावलं – असं मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं. बरं वाटतं म्हणायला.

२७ नोव्हेंबर

उद्या. वर्दीला इस्त्री केली. कडूबाईंना दिसेन अशा जागी बसणार आहे. त्यांना धीर येईल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कडूबाई बोलल्या. दांडा, हात, रान, सगळं. बोट दाखवून सोमेश्वरला ओळखलं. जराही चाचरल्या नाहीत.

मग त्याचे वकील उठले. "इतक्या तारखा झाल्या. तेव्हा का नाही आलात? कुणी अडवलं होतं?"

"अडवलं की."

त्या वळल्या. मला वाटलं, सोमेश्वरकडे. मोडका हात मागच्या बाकाकडे आला.

"ह्या पोरीनं. दोन खेपा आल्ते मी. दोन्ही खेपंला हिनंच म्हनलं, घरी जा."

माझ्या अर्जात हे कुठेच नव्हतं.

न्यायाधीश म्हणाले, लिहून घ्या. टायपिंग करणाऱ्या बाईंनी मान वर करून मला विचारलं, "पूर्ण नाव?"

मी उभी राहिले आणि सांगितलं.